अंगधागा

समुद्रबांध प्रकरणातल्या आरोपीची आठवण डोक्यावर चढवून केतकी साळवी सोमवारी सकाळी साडेदहाला खुर्चीत बसली, आणि चौथ्या मिनिटाला तिला उटण्याचा वास आला.

तो यायचं काही कारण नव्हतं. आठवण मे महिन्यातली होती आणि ज्याची होती तो कार्यकारी अभियंता हर्षद आंबेरकर तेव्हा आपल्या थंडगार कचेरीत बसलेला होता. समोर कंत्राटदाराचा माणूस. त्याने टेबलावरून एक जाड पाकीट पुढे सरकवलं, आंबेरकराच्या हाताने ते उचललं, हाताला वजन कळलं आणि पोटात गोळा आला. सरकारी वकिलाला एवढंच हवं होतं. पैसे खाऊन आंबेरकराने कच्चा बांध पक्का म्हणून पास केला, आषाढातल्या उधाणात तो फुटला आणि नवबंदर शहरातल्या चुनावाडीची सतरा माणसं बुडाली, असा खटला होता.

केतकीने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा अनुभवला. उटणं होतंच. शिवाय मान वर झालेली होती, उंच माणसाकडे बघताना होते तशी. आंबेरकर सहा फूट, समोरचा माणूस बुटका, दोघंही बसलेले. मग मान वर कशाला? आणि पाकीट हातात असताना छातीत तीनदा धस्स होत होतं. एकदा, मग थोड्या वेळाने लागोपाठ दोनदा. कचेरीत तर टाचणीसुद्धा पडली नव्हती.

तिसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही. तिने डोक्यावरचं टोपडं काढून मांडीवर ठेवलं. हे अंग आंबेरकराचं नव्हतंच, तिचं स्वतःचं होतं. दहा वर्षांची असताना, दिवाळीच्या दिवशी, घराच्या दारात घडलेलं, आणि आजवर कोणाला, अगदी कोणालाही न सांगितलेलं.

टोपडं हे न्यायालयासाठी आठवणी तपासणाऱ्या केतकीच्या कक्षातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. खरं नाव लांबलचक आणि सरकारी आहे. आत केसाहून बारीक तारांची जाळी असते. माणूस एखादी गोष्ट आठवतो तेव्हा ती घडताना मेंदूतल्या ज्या पेशी चेतल्या होत्या त्याच, जवळजवळ त्याच क्रमाने, पुन्हा चेततात. जाळी तो क्रम टिपून घेते आणि दुसऱ्याच्या डोक्यात तसाच चेतवते. झालं, ह्याची आठवण त्याला झाली. नवबंदरच्या बाजारात तर आता आठवणघरं निघाली आहेत. तासाच्या भाड्याने कोणाचं पहिलं प्रेम घ्या, कोणाची विमानातून मारलेली उडी घ्या. ज्यांच्याकडे विकायला दुसरं काही उरलेलं नाही ते तिथे रांगा लावून आपल्या चांगल्या आठवणी देऊन येतात.

न्यायालयात जाणारी आठवण मात्र दोन धागे वेगळे करून नोंदवतात. तिला स्मृतिपट म्हणतात. पहिला चित्रधागा, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं. दुसरा अंगधागा. त्यात वास येतो, वजन येतं, मानेचा बाक, काळजाचा ठोका. चित्र यंत्राला हवं तसं रचता येतं, ते आपल्या आजोबांच्या काळापासून चालू आहे. अंगधागा अजून कोणत्याही यंत्राला रचता आलेला नाही. तो जिवंत माणसाकडूनच घ्यावा लागतो. म्हणून कायद्याचा भरवसा अंगधाग्यावर. आरोपी तोंडाने नाही म्हणाला तरी त्याचं अंग हो म्हणत असेल तर तो गेलाच.

दुसऱ्याचा धागा कोणी जोडला तर तो पकडायलाही यंत्र आहे. तिऱ्हाइताचं अंग दिसलं की त्यावर लाल दिवा लागतो. फक्त एकाच माणसाचं अंग ते सोडून देतं, तपासणाऱ्याचं. पट तपासताना तपासनीस तो स्वतःच्या अंगाने अनुभवतो, त्यामुळे त्याचा थोडा अंश पटावर उतरतोच. ह्याला कक्षात भेसळ म्हणतात. ती ओळखता यावी म्हणून नोकरीला लागताना प्रत्येक तपासनीसाकडून एक नमुना घेतात, अशी आठवण जी दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. आता कोणालाच ठाऊक नाही अशी आठवण माणसाजवळ कसली असणार? गुपचूप मिळालेलं सुख कोणी नमुन्याला दिल्याचं ऐकिवात नाही. सगळे आपल्या मनातली सगळ्यात काळी गोष्ट नेऊन सरकारच्या तिजोरीत ठेवतात आणि वर सही करतात. शहाण्या माणसांनी करावा असा हा मूर्खपणा केतकीनेही अठरा वर्षांपूर्वी केला होता.

तिचे वडील विलास साळवी आगरखिंडीला भूकरमापक होते, लोकांच्या जमिनी मोजायचे. दिवाळीला दाराशी माणसं यायची, हातात मिठाईचे खोके. मग बाबा आतल्या खोलीत जायचे आणि सांगायचे, "केतू, तू जा. बाबा घरी नाहीत म्हण आणि घे." साहेबाच्या हाती दिली तर लाच, पोरीच्या हाती दिली तर फराळ. तालुक्यातल्या बहुतेक कचेऱ्यांमधला हा रिवाज होता आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे. त्या नरकचतुर्दशीला एका उंच माणसाने दिलेला खोका काजूकतलीचा असावा त्याहून फार जड होता. दहा वर्षांच्या पोरीला ते कळलं. गल्लीत पोरं सुतळी बॉम्ब लावत होती. एक वाजला, मग लागोपाठ दोन.

खर्शीकर सर कक्षाचे प्रमुख. केतकीला हे काम त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे ती तशीच त्यांच्या खोलीत शिरली. "सर, आंबेरकराचा पट बनावट आहे. कोणीतरी तिजोरीतून माझा नमुना काढून त्याच्या चित्राला जोडलाय."

सरांनी शांतपणे चष्मा पुसला, उठून दार लावलं आणि पुन्हा येऊन बसले. "कोणीतरी काय म्हणतेस, केतकी? तिजोरीची किल्ली माझ्याकडेच असते."

समोरची खुर्ची ओढून केतकी बसली.

"आंबेरकराने बांध पास केलाच नव्हता," सर म्हणाले. "तीनदा फाइल परत पाठवली बिचाऱ्याने. शेवटी वरून पास झाली. ज्यांनी केली ते आज इतके वर आहेत की मी नाव घेणार नाही आणि तूही विचारू नकोस."

"सतरा माणसं मेली, सर."

"आंबेरकर सुटला तर उठून बसणार आहेत का ती?"

"आणि माझाच नमुना का?"

"मोठ्या माणसाची लाज पातळ झालेली असते गं. लहान मुलाची अस्सल असते, न्यायाधीशाच्या काळजाला भिडते. शिवाय तुझा धागा तू तपासलास तरच यंत्र सोडतं." सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि तू बोलणार नाहीस, ही खात्री. साळवींनी दाखवलेली हद्द म्हणजे आगरखिंडीत काळ्या दगडावरची रेघ, हे कौतुक तुझ्याच तोंडून कितीदा ऐकलंय मी."

"मी सही केली नाही तर?"

"तर रजा टाक. पंधरा दिवसांत तपासनीस घाटपांडेच्या नमुन्यावर दुसरा पट उभा करतो. त्याचीही झाकली मूठ सव्वा लाखाचीच आहे. आंबेरकर आत जायचा तो जाईल, तुला फक्त बघावं लागणार नाही."

"आणि बोलले तर?"

"बोल की. यंत्र सांगेल भेसळ आहे. वकील सांगेल, बाईंनी अठरा वर्षं लोकांची पापं डोक्यात घेतली, आता परक्याचं पापही ह्यांना आपलंच वाटायला लागलं. तुझा नमुना जुना झाला म्हणून गेल्या आठवड्यात रीतसर नष्ट केलाय. मग हातात उरेल काय? बापाला भर न्यायालयात लाचखाऊ म्हणणारी लेक." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "बुधवारी सुनावणी आहे. नीट विचार कर."

कुंपणच शेत खात होतं. केतकीने विचार केला, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तिने रजेचा अर्ज लिहिलाही. दोन ओळींचा, ताप आल्याचा. तो पाठवायचं बटण तिने दाबलं नाही एवढंच.

मंगळवारी दुपारी ती बिनचालकाच्या बसने आगरखिंडीला पोचली. बाबा पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. ऐंशी वर्षांचे, पण पाठ ताठ.

"काय गो, अशी अवचित?"

तिने सगळं सांगितलं. आधी आंबेरकराचं, मग खर्शीकरांचं, मग खोक्याचं. खोका हा शब्द बापलेकीत पस्तीस वर्षांत उच्चारला गेला नव्हता.

"कुठला खोका?" बाबा म्हणाले.

"नरकचतुर्दशीचा. उंच माणूस होता. तुम्ही आतल्या दाराआड होतात."

"मला नाही आठवत."

"बाबा..."

"ऐंशी झाली गो मला. काल काय जेवलो ते आठवत नाही." पण सुपारी हातात तशीच राहिली होती.

"निर्दोष माणूस वीस वर्षं आत जाईल."

"तो काय म्हणतो?"

"नाही घेतले म्हणतो. ऐकतंय कोण?"

बाबांनी हातातली सुपारी खाली ठेवली. मग हळू म्हणाले, "मी कधी नाही म्हटलं नाही. मला कोणी विचारलंच नाही. आणि तूही आता विचारू नकोस. ह्या गावची निम्मी कुंपणं माझ्या शब्दावर उभी आहेत. म्हातारा पैसे खाणारा होता असं उद्या कळलं तर बांधाबांधावर कोयते निघतील. तुझा एक आंबेरकर वाचेल आणि इथे चार मरतील. हे धरलंस का हिशेबात?"

केतकीने ते धरलं नव्हतं. आणि धरलं नव्हतं म्हणूनच तिला राग आला. "तुम्ही मला दाराशी पाठवलंत," ती म्हणाली. "तुमचा हात स्वच्छ राहावा म्हणून माझा पुढे केलात. दहा वर्षांची होते मी!"

"मला नाही आठवत," बाबा पुन्हा म्हणाले.

ती चहा न घेता निघाली. बापाच्या घरून चहा न घेता ती आयुष्यात कधी निघाली नव्हती.

बुधवारी न्यायालय तुडुंब भरलं होतं. चुनावाडीची उरलेली माणसं मागच्या बाकांवर बसली होती आणि पिंजऱ्यातल्या आंबेरकराला शिव्या घालत होती. त्यांचं तरी काय चुकत होतं? आंबेरकर मान खाली घालून उभा होता. तीन महिन्यांत त्याचे केस पांढरे झाले होते. पुढच्या रांगेत खर्शीकर सर मांडीवर फाइल घेऊन बसले होते.

न्यायाधीश रेहाना मुकादम यांनी केतकीला विचारलं, "तपासनीस साळवी, हा पट अस्सल आहे?"

हो म्हणायला एक शब्द पुरत होता. केतकीने पिंजऱ्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकांकडे. "नाही," ती म्हणाली. "चित्र रचलेलं आहे आणि अंगधागा माझा आहे."

गलका झाला. सरकारी वकील उठले आणि खर्शीकरांनी सांगितलं होतं ते सगळं जवळजवळ त्याच शब्दांत बोलले. यंत्र भेसळ दाखवतंय, बाई थकल्या आहेत, त्यांना विश्रांतीची गरज आहे. घोकून घेतल्यासारखं.

"सिद्ध कसं करणार?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पटात काळीज तीनदा धस्स होतं. चित्रात त्याला काही कारण नाही. ते फटाक्याचे आवाज आहेत. चित्र बदललं तेव्हा आवाज पुसले, पण अंगाचं दचकणं पुसता आलं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या बारामध्ये किती वेळ गेला ते मोजता येतं. त्या दिवशी त्या घरात जो दुसरा माणूस होता, तोही बरोबर त्याच क्षणांना दचकला असणार. त्याने हा पट पाहिलेला नाही, त्याच्यात भेसळ असूच शकत नाही."

"कोण होता दुसरा माणूस?"

खर्शीकर सर तिच्याकडे रोखून बघत होते.

"विलास साळवी. निवृत्त भूकरमापक, आगरखिंड. माझे वडील."

"त्या प्रसंगी लाच कोणी घेतली?"

"त्यांनी. माझ्या हाताने."

ती न्यायालयाच्या पायऱ्या उतरेपर्यंत समोरच्या इमारतीवरच्या तीन मजली पडद्यावर बाबांचं नाव झळकत होतं. आगरखिंडीच्या चहाच्या टपरीवरही तसाच एक पडदा आहे, छोटा.

आरोपीची आठवण सक्तीने काढता येते, साक्षीदाराची नाही. कायदा तसा आहे. साळवींनी स्वतःहून यायला हवं होतं आणि न्यायाधीशांनी मुदत दिली होती शुक्रवारी अकराची. गुरुवारी केतकीने बाबांना नऊ वेळा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. शेजारच्या काकूंना लावला, त्यांनी उचलला आणि "काय केलंस गो हे?" एवढंच म्हणून ठेवून दिला.

शुक्रवारी अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. सरकारी वकिलांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. आंबेरकर पहिल्यांदाच मान वर करून दाराकडे बघत होता आणि ते केतकीला बघवत नव्हतं. खर्शीकर सरांनी फाइल मिटली. न्यायाधीश काही बोलणार तोच दाराशी हालचाल झाली आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक म्हातारा एकटाच आत आला.

"पहिली बस चुकली," बाबा न्यायाधीशांना म्हणाले. "कुठे बसू?"

केतकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

शेजारच्या जिल्ह्यातून बोलावलेल्या तपासनीस बाईंनी त्यांच्या डोक्यावर टोपडं बांधलं. पट निघायला अर्धा तास लागला. मग न्यायाधीशांनी स्वतः दुसरं टोपडं चढवलं आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच न्यायाधीश एकदा दचकल्या. थोड्या वेळाने पुन्हा दचकल्या, आणि लगेच तिसऱ्यांदा.

तपासनीस बाईंनी अहवाल वाचला. पहिल्या आणि दुसऱ्या बारामध्ये अकरा सेकंद आणि तीन दशांश, दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये दोन सेकंद. दोन्ही पटांत तेवढंच. वास दोन्हींत उटण्याचा. "एकाच जागचे, एकाच वेळचे दोघं आहेत," बाई म्हणाल्या. "आरोपी तेव्हा तिथे नव्हता."

मागच्या बाकांवरून हुंदका आला. खर्शीकर सर उठायला लागले तसा दाराशी उभा असलेला हवालदार त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"आणखी एक नोंद आहे," बाई म्हणाल्या. "आठवण जितक्या वेळा काढावी तितकी ती झिजते, रोज घासलेल्या भांड्यावरच्या नावासारखी. हा चित्रधागा फार झिजलेला आहे. इतका झिजायला ती जवळपास रोज काढली गेली असावी, वर्षानुवर्षं. खोका दिसत नाही. देणारा दिसत नाही. घरही गेलंय. दाराच्या फटीतून दिसलेला मुलीचा चेहरा फक्त राहिलाय. तो स्वच्छ आहे."

"तो मीही पाहिला," न्यायाधीश मुकादम म्हणाल्या. त्यांनी केतकीकडे पाहिलं आणि आवाज सांभाळत नोंद सांगितली. "मुलीला सगळं कळलेलं आहे. आणि तिला कळलं हे वडिलांना त्याच क्षणी कळलेलं आहे."

केतकी पुढे झाली. बाबांच्या हनुवटीखालची टोपड्याची गाठ तिला सुटेना, डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. शेवटी बाबांनीच ती सोडवली.

"आठवत नाही म्हणालात," ती म्हणाली.

"काय सांगणार होतो गो तुला?"

ती त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. आंबेरकराची बायको वाटेत त्यांच्या पाया पडायला वाकली. बाबांनी पाय मागे घेतले आणि तिला वाकू दिलं नाही. पायऱ्यांखाली आगरखिंडीची सात-आठ माणसं उभी होती. सकाळच्या पुढच्या बसने आलेली. कोणाच्या हातात जमिनीचे नकाशे होते, कोणाच्या नुसत्याच मुठी आवळलेल्या होत्या.

"मागून रस्ता आहे, बाबा," केतकी घाईघाईने म्हणाली.

"तू थांब इथे." त्यांनी तिच्या हातातून हात सोडवून घेतला आणि कठड्याला धरत एकेक पायरी उतरत गेले. माणसं पांगली नाहीत आणि पुढेही आली नाहीत. त्यातला सगळ्यात थोराड माणूस नकाशा उघडून धरत म्हणाला, "भाऊ, आमची हद्द खरी का खोटी, तेवढं सांगा."

बाबांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. "तुझी खरी आहे," ते म्हणाले. "खोट्या दोन आहेत. नावं सांगतो, लिहून घे."